बर्फावरचा गळ

प्रश्न : मुलगा अमेरिकेत मिनेसोटात असतो. येत्या जानेवारीत त्याच्याकडे चाललोय. तिथं गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकतात, 'बाबा, तुम्हाला नेतोच' म्हणतो. हरिपूरच्या संगमावर चाळीस वर्षं गळ टाकलाय, पण बर्फावर उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. सुरुवात कशी करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर जा. मी वाईचा. लेक तिकडेच असल्यानं दोन हिवाळे त्या बर्फावर काढलेत.

संगमावर तुम्ही कसे उतरता? घोट्याएवढ्या पाण्यातलं पुढचं पाऊल डोहात पडू शकतं, म्हणून काठी टेकत. बर्फाचंही तेच. काठाशी सहा इंच भरला म्हणून पुढंही तेवढाच असेल, असं धरू नका. ओढा मिळतो तिथं, पुलाखाली, झऱ्यापाशी तो पातळच राहतो, कारण खालचं पाणी हलतं असतं. वर भुसभुशीत हिम साचलं तर तेही गोधडीसारखं ऊब धरतं, बर्फ जाड होऊ देत नाही.

पायी जायला काचेसारखा नितळ, नवा बर्फ निदान 4 इंच हवा. दुधाळ पांढरा असेल तर दुप्पट. जावयानं पहिल्या दिवशी माझ्या हातात गळ नाही, पहार दिली. दर दोन पावलांना पुढं एक ठोका. बराच वेळ ती ठणठण वाजत होती. ओढ्याच्या तोंडाशी आवाज बसका आला, दुसऱ्या ठोक्याला पहार आरपार गेली आणि भोकातून काळं पाणी वर आलं. आम्ही आमच्याच पावलांच्या खुणांवरून मागं फिरलो. पहार चांगली वाजली तरी दर दीडशे फुटांवर गिरमिटानं भोक पाडून टेपनं मोजाच.

मासे तळाशी सापडतात. पाणी 4 अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, त्यामुळं त्यातल्या त्यात उबदार पाणी खाली बसतं. गळ तळापासून फूटभर वर ठेवा. रोहूसारखा हिसका बसत नाही, दोरी नुसती थरथरते. परवाना मात्र आधी काढा, थोड्या दिवसांचाही मिळतो. तंबूत शेगडी असेल तर हवेची खिडकी उघडीच ठेवा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एकटे कधीच जाऊ नका, कोटावर लाइफ जॅकेट घाला. पाण्यात पडलात तर पहिलं मिनिटभर धाप लागते. तेवढ्यात फक्त श्वास सावरा. मग आलात त्या बाजूला तोंड करा, तिकडचा बर्फ तुमचं वजन पेलून झालेला असतो. दोन्ही हातांतली टोकदार दाभणं बर्फात रोवा, पाय झाडत पोटावर वर या. उभे राहू नका, लोळत लांब जा. ती दाभणं दोरीला बांधून गळ्यात, कोटाच्या बाहेर अडकवा. खिशातली बधिर बोटांना सापडत नाहीत.