कोकणातल्या कौलारू घराचं छप्पर नवीन करायला किती खर्च येतो?

तुम्ही लिहिलंय की गावचं घर २५ बाय ४० म्हणजे १००० स्क्वेअर फूट आहे, भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), छप्पर मंगलोरी कौलांचं, आणि एक सुतार दीड लाख सांगतोय तर लोखंडी काम करणारा फॅब्रिकेशनवाला साडेपाच लाख, मग खरं कोण बोलतंय. मी २०२३ च्या एप्रिलमध्ये राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराचं छप्पर उतरवून परत चढवलंय, त्यावरून सांगतो. दोघंही खोटं बोलत नसतील, ते दोन वेगळ्या कामांचे दर सांगतायत, आणि तुमच्या घराला त्यातलं कुठलं काम लागणार हे कौलं काढून बघितल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

पहिली गोष्ट माप. घर १००० असलं तरी छप्पर १००० नसतं. आपल्याकडे पावसामुळे वळचण, म्हणजे छपराची भिंतीबाहेरची कड, चारी बाजूंनी निदान तीन फूट तरी बाहेर काढतात, म्हणजे २५ बाय ४० चं झालं ३१ बाय ४६, म्हणजेच १४२६, आणि त्यात उतार. साधारण ३० अंशाचा उतार धरला तर अजून १५-१६ टक्के वाढतात आणि आकडा जातो १६५० च्या आसपास. (उतार सगळीकडे सारखा असेल तर छप्पर दोन उतारांचं म्हणजे दोनपाखी असो नाहीतर चार उतारांचं चौपाखी, क्षेत्रफळ तेवढंच येतं, फक्त चौपाखीला कोने, म्हणजे दोन उतार जुळतात तिथली कौलं, जास्त लागतात आणि कौलं कापण्यात वाया जातात.) कोटेशन घेताना दर घराच्या फुटाला आहे की छपराच्या, हे आधी विचारा. आमच्या शेजाऱ्यांचं इथेच फसलं, दर ऐकून काम दिलं आणि शेवटी बिल दीडपट आलं.

कौलांचा हिशोब सोपा आहे, एका ब्रासला म्हणजे १०० स्क्वेअर फुटाला साधारण १५० कौलं. तुम्हाला साडेसोळा ब्रासला २५०० च्या आत-बाहेर लागतील, फुटतूट धरून २६०० घ्या. नवीन कौल मला गाडीभाड्यासकट ३४ रुपयाला पडलं होतं, म्हणजे सगळी नवीन घेतली तरी ८८-९० हजार. म्हणजे बघा, लोक कौलांच्या भावाची एवढी चौकशी करतात पण खरा पैसा कौलात नाहीच आहे, तो कौलांच्या खाली आहे, लाकडात.

आमचंच सांगतो. छप्पर १४०० फुटाचं. सुतार म्हणाला चार-पाच वासे (छपराची उतरती लाकडं) बदलू, रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांवर कौलं बसतात) बदलू, ९० हजारात होईल, आणि खालून बघितलं तर खरंच सगळं ठणठणीत दिसत होतं, वडिलांनी काळं तेल लावून ठेवलेलं. मग ओटीवरच्या बाजूच्या कौलांच्या दोन रांगा काढल्या आणि सुतार वासे हातोडीने ठोकत गेला. मधे टणटण आवाज, भिंतीजवळ गेला की आवाज बसका. त्याने भिंतीवर टेकलेल्या टोकाला पटाशी लावली तर जोर न लावता ती आत गेली, मळलेल्या पिठात बोट जातं तशी, आणि आतून मातीसारखा भुगा गळायला लागला. वाळवी भिंतीतल्या मातीतून वर चढते आणि वळचणीचं पाणी उलटून तिथेच मुरतं, त्यामुळे वासा सगळ्यात आधी टोकाला जातो आणि ते टोक खालून कधीच दिसत नाही. ४४ पैकी ३१ वासे तसे निघाले. आई खाली अंगणात उभी राहून बघत होती, तिला वर काय निघालं ते सांगायला मला जीभच उचलेना, कारण त्याच वाशांखाली ती पावसाळाभर एकटी झोपायची.

शेवटी आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, तेवढं जुनं ठेवलं, ते सागाचं होतं आणि चांगलं निघालं, बाकी सगळे वासे आणि रिपा नवीन. लाकूड ८१ घनफूट, किंजळ आणि ऐन या जंगली झाडांचं, १४०० रुपये दराने १ लाख १३ हजार. मजुरी १८ दिवसांची, दोन सुतार आणि तीन गडी, ७७ हजार. जुनी कौलं दोन तृतीयांश वाचली म्हणून नवीन ७५० च घ्यावी लागली, ती साडेपंचवीस हजार. कोने, खिळे, वाळवीचं औषध, ताडपत्री मिळून १५ हजार. एकूण २ लाख ३१ हजार, म्हणजे फुटाला १६५ रुपये. तुमच्या १६५० फुटाला याच हिशोबाने पावणेतीन लाखाच्या आसपास जाईल, आणि सागाचं लाकूड म्हणालात तर नुसत्या लाकडाचाच खर्च दुपटीच्या वर.

आता तुमचे दोन आकडे. दीड लाखवाला बहुतेक निम्मं लाकूड बदलायचं धरतोय. साडेपाच लाखवाला लोखंडी पाईपांचा सांगाडा आणि वर नवीन कौलं धरतोय. मला २०२३ मध्येच तशी कोटेशनं आली होती, सांगाड्यावर कौलं २७० ते ३४० रुपये फूट, आणि सांगाड्यावर रंगीत पत्रा १६० ते २३० रुपये फूट. वाळवीचा विषय कायमचा संपतो हे लोखंडाचं मोठं सुख आहे, पण समुद्र जवळ असेल तर खारी हवा लोखंड खाते, प्रायमर आणि रंग नीट हवा. सांगाडा किलोवर घेतात म्हणून माल गाडीतून उतरण्याआधी वजनकाट्याची पावती मागा, आणि पाईप किती एमएम जाडीचा ते कोटेशनवरच लिहून घ्या. पत्र्यावर १८ टक्के जीएसटी असतो, तो दरात धरलाय की वर लावणार तेही विचारा.

पत्र्याबद्दल माझं मत तुमच्यासमोर ठेवतो, पटलं तर घ्या. स्वस्त आहे, पटकन होतो, माकडं कौलं फोडतात तो त्रास संपतो. पण एप्रिल-मे मध्ये दुपारी घरात बसवत नाही आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही, खाली सीलिंग करायला गेलात तर वाचलेले पैसे तिथेच जातात. आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ आलं तेव्हा हर्णे-दापोलीपर्यंत पत्रे कागदासारखे उडाले, कौलंही गेली पण ज्याचे वासे शाबूत होते त्याने चार दिवसांत परत बसवली. पत्रा टाकायचाच असेल तर हुक-स्क्रूमध्ये कंजुषी करू नका.

स्लॅबचं कोणी सुचवलं तर एवढं लक्षात ठेवा की कौलांचं वजन फुटाला चार किलोच्या आसपास असतं आणि पाच इंची स्लॅबचं तीस किलोच्या आसपास. मातीत बांधलेल्या जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर ते इंजिनीअरला दाखवल्याशिवाय अजिबात चढवू नका.

जुनी कौलं मात्र टाकू नका आणि कोणाला फुकट देऊ नका. नखाने किंवा नाण्याने वाजवा, खणखणीत वाजलं की ते अजून तुमच्या मुलांना पुरेल. मंगलोरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने १८६५ मध्ये कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं आपल्याकडे गलबतांनी यायची, कित्येक घरांवर अजून तीच आहेत. एक अडचण येते ती आधीच सांगतो, वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, आणि तिथूनच मग गळती. म्हणून दोन जुनी कौलं पिशवीत घालून दुकानात न्या आणि तिथेच जुळवून बघा. जमलंच नाही तर एक पाख पूर्ण जुन्यांचं करा आणि दुसरं पूर्ण नव्यांचं. माजघरावर दोन काचेची कौलं टाका, अंधार जातो.

आणि सगळे वासे चांगले निघाले तर देवाची कृपा समजा, मग नुसती कौलं परतायची, म्हणजे उतरवून पुन्हा बसवायची, चार माणसं चार-पाच दिवस, फुटकी बदलून २०२३ च्या दराने २५-३० हजारात सुटाल.

घर सामाईक असेल तर भावकीची संमती आधी लेखी घ्या, छप्पर उघडं असताना कोणी काम थांबवलं तर ताडपत्रीखाली घर भिजतं. वेळेचं म्हणाल तर जानेवारीत सुतार बांधून ठेवा, मे मध्ये आंबे आणि लग्नं, गडी मिळत नाहीत आणि मिळाले तर दर वेगळाच असतो, आणि १५ मे च्या पुढे वळीव कधी येईल सांगता येत नाही. पैसे टप्प्याने द्या, सांगाडा किंवा वासे चढले की एक हप्ता, कौलं बसली की एक, आणि थोडे पहिल्या मोठ्या पावसापर्यंत हातात ठेवा.

आता गावी जाल तेव्हा सुताराला थोडे पैसे वेगळे देऊन भिंतीकडच्या दोन रांगा काढायला सांगा आणि सगळे वासे टोकाला ठोकून घ्या, किती खराब निघाले आणि वाशाची लांबी-जाडी किती ते इथे लिहा, लाकूड किती घनफूट लागेल ते मी काढून देतो.