बीपी लपवलं तुम्ही, भाच्याचे पैसे का बुडावेत?

प्रश्न : मी वरूड तालुक्यातला संत्रा बागायतदार, वय 46. मे महिन्यात भाच्यासोबत उत्तराखंडातल्या हर की दूनच्या सात दिवसांच्या ट्रेकला गेलो. दोघांचे 27,000 रुपये मीच फोनवरून भरले. फॉर्मवर ‘रक्तदाब आहे का’ यापुढे ‘नाही’ लिहिलं. गोळी मात्र रोज घेतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसल्याजवळच्या कँपवर बीपी 170/104 निघालं. गाईडने मला परत धाडलं, आणि ‘सोबत घरचं कोणी हवं’ म्हणून भाच्यालाही. अंधारात खच्चरवाल्यामागे आम्ही ‘तालुका’ नावाच्या गावापर्यंत उतरलो. कंपनी म्हणते, पैसे परत मिळत नाहीत, भांडायचं तर डेहराडूनच्या कोर्टात या. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी कडू ते सांगतो. तुम्हाला परत पाठवलं यात गाईडचं काही चुकलं नाही. उंचीवर धडधाकट माणसाचंही बीपी चढतं, तुमचं तर मुळातच होतं. तुमच्या स्वतःच्या फीचा पूर्ण परतावा मागाल, तर कंपनीचा वकील तुमच्याच सहीचा फॉर्म ग्राहक आयोगापुढे ठेवील आणि बाकीची तक्रारही त्याखाली दबेल. म्हणून ती मागणी सोडा. तक्रारीसोबत शपथपत्र द्यावं लागतं. गोळीची गोष्ट त्यात तुम्हीच लिहा.

भाच्याची गोष्ट वेगळी. तो ठणठणीत होता, त्याची फी भरलेली होती. आजारी माणसासोबत उतरायला माणूस देणं हे कंपनीचं काम, ते तिने तुमच्या घरच्या पोरावर ढकललं. आणि जंगलातून, सुपिन नदीच्या कडेने, दहा-बारा किलोमीटर अंधारात गाईडविना धाडणं हा उघड निष्काळजीपणा आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये यालाच ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतात. पैसे तुम्ही भरले असले तरी, ज्याच्यासाठी भरले तोही कायद्याने ग्राहकच. तेव्हा भाच्यालाही तक्रारदार करा.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत एक चिठ्ठी आहे. हिंदीत एकच ओळ, ‘मैं अपनी मर्ज़ी से वापस जा रहा हूँ’, खाली भाच्याची तिरकी सही आणि वेळ संध्याकाळी 6:40. कंपनीचा सगळा बचाव या चिठ्ठीवर उभा राहील. पण त्याच संध्याकाळी 7:05 ला गाईडने भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलंय, ‘मामाजी को अकेले नहीं भेज सकते, तुमको जाना ही पड़ेगा’. हा मेसेज डिलीट झाला तर मर्जीची चिठ्ठीच खरी ठरेल. फोन बदलू नका. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.

डेहराडूनचं भय सोडा. फॉर्मवर काहीही छापलेलं असो, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तुमच्यासाठी ते म्हणजे अमरावतीचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही (हे मीच सांगतोय, धंद्याचं नुकसान करून). तक्रार ऑनलाइन भरता येते, सुनावणी व्हिडिओवर घ्यावी असा अर्जही करता येतो.

एक चूक मात्र आमचे वकीलही करतात. ‘पैसे परत नाहीत’ ही अट वाचून चिडतात आणि तक्रारीला ‘अन्यायकारक करार’ असं नाव देतात. त्या मथळ्याखालची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. तुम्ही सेवेतील त्रुटीवरच राहा. ‘जोखीम माझी’ असंही तुम्ही लिहून दिलंय. ती जोखीम डोंगराची, हवामानाची. गाईड न देण्याची नव्हे.

मागायचं काय? भाच्याचे 13,500, लवकर परतल्यामुळे झालेला जादा प्रवासखर्च आणि रात्रीच्या उतरणीबद्दल दोघांना माफक भरपाई. मानसिक त्रासाचे पाच लाख लिहू नका; आकडा फुगला की गोळीचा फॉर्म पुन्हा वर येतो.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, उत्तराला पंधरा दिवस द्या. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे, पण तेवढं थांबू नका. आंबिया बहाराच्या संत्र्याच्या तोडणीआधी नोटीस गेली पाहिजे. एकदा बगीच्यात गाड्या लागल्या की तुम्ही काही अमरावतीला येत नाही.