शेजारी बसवलं, तरी 'ती मुलं' वेगळीच का?

प्रश्न : मी सातवीला शिकवते. दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची आठ मुलं वर्गात आली. कुणाचं पेन हरवलं की संशय त्यांच्यावरच येतो. सगळ्यांना मिसळून बसवलं, तरी फरक नाही. काय चुकतंय?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : यात मुलांच्या खोडसाळपणापेक्षा स्मरणशक्तीची खोड मोठी आहे. हॅमिल्टन आणि गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'अ' गटातल्या माणसांबद्दल २६ वाक्यं, 'ब' गटाबद्दल १३. 'अ'च्या १८ वागणुकी चांगल्या, ८ वाईट. 'ब'च्या ९ चांगल्या, ४ वाईट. प्रमाण तंतोतंत सारखं. तरीही वाचणाऱ्यांनी वाईट गोष्टी 'ब'च्या माथी जास्त मारल्या. त्यांचं स्पष्टीकरण असं : गट लहान, वाईट वागणंही विरळ, दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की मनात रुततात. तिथे तर गटांना नावंही नव्हती. तुमच्या वर्गात घरी ऐकलेली बोलणीही आहेत.

म्हणून महिनाभर स्वतःपुरती नोंद ठेवा : काय हरवलं, कुठे सापडलं. सगळ्यांच्याच वस्तूंची. मग वर्गात नावं न घेता आकडे सांगा.

नुसत्या शेजाराने भागत नाही, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. दर्जा समान हवा, काम एकत्र हवं, उद्दिष्ट एक हवं, आणि शाळेचा स्पष्ट पाठिंबा हवा. बाक बदलून यातलं काहीच आपोआप येत नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत वापरलेली पद्धत करून पाहा. पाच-पाच मुलांचे गट करा, धड्याचे पाच तुकडे करा, प्रत्येकाला एकच तुकडा द्या. मग सगळ्या गटांतली एकाच तुकड्याची मुलं दहा मिनिटं एकत्र बसून तयारी करतात आणि आपापल्या गटात परतून शिकवतात. शेवटी पूर्ण धड्यावर प्रत्येकाची वेगळी चाचणी. चाचणी वगळलीत तर अडखळणाऱ्या मुलाचं कुणी ऐकणार नाही. तयारीची दहा मिनिटं वगळलीत तर ते मूल सगळ्यांसमोर उघडं पडेल. दोन्ही चुका आम्हाला फार घातक वाटतात.

नव्या मुलांना दोन-दोन करून गटांत घाला. एकटं मूल साऱ्या आठांचं प्रतिनिधी ठरतं. गटागटांत बक्षिसाची चुरसही लावू नका, नवीच भांडणं उभी राहतील.

हंगाम संपला की मुलं गावी परततील, तेव्हा याच आठवड्यात सुरुवात करा. पहिला धडा मात्र ऊस किंवा स्थलांतराचा नको, नकाशा किंवा वनस्पतींचा घ्या.