दुरून डोंगर साजरे, फोटोत मात्र बुटके

प्रश्न : आजवर पाहिलेल्या जागांमध्ये सर्वांत सुंदर म्हणाल तर हिमशिखरांसमोरची एक मोकळी माची. प्रत्यक्षात भिंतीसारखे उभे असलेले डोंगर मोबाइलच्या फोटोत टेकड्यांएवढे दिसतात. असं का?

उत्तर : मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची, ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिमीच्या बरोबरीची असते. ती पायाखालच्या गवतापासून डोक्यावरच्या आभाळापर्यंत सगळं चौकटीत कोंबते आणि शिखराच्या वाट्याला उरते चिमूटभर जागा. आपली नजर शिखरावर खिळलेली असल्याने बाकीचं आपल्याला जाणवतच नाही.

यावर उपाय म्हणजे मागे सरकणं आणि झूम करणं, दोन्ही एकत्र. समजा, २० मीटरवर झोपडी आहे आणि मागे १० किलोमीटरवर शिखर. झूम न करता एक फोटो काढा. मग झोपडीपासून ६० मीटरवर जा आणि ३ पट झूम लावून दुसरा काढा. झोपडी दोन्हींत तेवढीच येईल, शिखर मात्र तिप्पट. नुसतं झूम केलं तर झोपडीही वाढते आणि शिखराचा रुबाब जागच्या जागी राहतो. उजेड कमी असेल तर काही फोन ३ पटीलाही मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करतात. तपशील विरघळलेला दिसला की हेच झालंय असं समजा. चौकटीत झोपडी, झाड किंवा माणूस नसेल, तर उंचीचा अंदाज बघणाऱ्याला येणार तरी कशावरून?

प्रश्न : बर्फ फोटोत राखाडी येतो.

उत्तर : कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेची धरून प्रकाश मोजतो. सगळीकडे पांढरंच असलं की त्याला ते जास्त उजळ वाटतं, मग तो फोटो गडद करतो. एक्स्पोजर १ ते दीड स्टॉप वाढवा (१ स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आभाळात ढग चमकत असतील तर आधी १ वरच थांबा, कारण एकदा पूर्ण पांढरा झालेला भाग नंतर परत मिळवता येत नाही.

प्रश्न : सरोवरातलं प्रतिबिंब आरशासारखं कसं मिळवायचं? लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावूनही जमलं नाही.

उत्तर : पोलरायझर लावूनही नव्हे, लावल्यामुळेच! पाण्यावरून परतणारा उजेड अडवणं हेच त्याचं काम. पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिलं तर तो प्रतिबिंब जवळजवळ पुसूनच टाकतो. फिल्टर काढा. तो सूर्याशी ९० अंशांवरच्या आभाळाचा निळा गडद करायला ठेवा. तिथेही रुंद लेन्सने आभाळात काळपट पट्टा उमटतो.

पहाटे जा. ऊन चढून जमीन तापली की वारा सुटतो आणि किंचितशी लहरही आरसा मोडते. कॅमेरा पाण्याच्या शक्य तितका जवळ धरा. बिलगून पाहिलं की पाणी जास्त उजेड परतवतं आणि प्रतिबिंब ठळक होतं. ते मूळ दृश्यापेक्षा थोडं गडदच असतं, त्यामुळे दोन्ही सारखी उजळ करायच्या नादी लागू नका. फोटो खोटा दिसतो.

याच पत्रात बोलिव्हियातल्या सालार दे उयुनीबद्दलही विचारलं आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवरचं हे मिठाचं पठार १०,००० चौरस किलोमीटरहून मोठं आहे. इथल्या फोटोंतला तो प्रसिद्ध आरसा साधारण जानेवारी ते मार्चमध्ये दिसतो, मिठावर पावसाच्या पाण्याचा पातळ थर साचतो तेव्हा. कोरड्या महिन्यांत गेलात तर आरशाऐवजी मिठाच्या बहुकोनी चिरांची नक्षी मिळेल. (आम्हाला तीच जास्त आवडते, पण मत आपापलं.) पाण्यात उभा केलेला ट्रायपॉड त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, पायांचे सांधे उघडून. मीठ वाळलं की सांधे अडकतात आणि धातू गंजायला लागतो.