चार ओव्हरनंतर दम लागतो, फास्ट बॉलरने रोज किती किलोमीटर पळावं?

१६ वर्षांचा आहेस, फास्ट टाकतोस आणि चार ओव्हरनंतर हवा जाते म्हणतोस. किलोमीटर मोजूच नकोस. बॉल मोज.

मी १७ चा असताना आमच्या सरांकडे सगळ्यावर एकच औषध होतं, राउंड. यॉर्कर पडत नाही, राउंड मार. नो बॉल गेला, राउंड मार. ग्राउंडला दहा राउंड झाले की नेट, आणि जरा वेगात टाकणारा मी एकटाच म्हणून सगळ्या बॅट्समनना मीच हवा, दीड तास, शंभरेक बॉल, आठवड्यात सहा दिवस. मलाही भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग कंबरेत डावीकडे दुखायला लागलं (मी उजव्या हाताने टाकतो), पुढचा पाय आपटला की कळ. सर म्हणाले कंबर सगळ्यांचीच दुखते, तुझा दम कमी पडतोय, चार राउंड वाढव. वाढवले. दोन महिने तसाच टाकत राहिलो आणि शेवटी एमआरआय काढला तर मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली चीर. पाच महिने बॉलला हात नाही, अख्खा सीझन गेला, आणि सर सगळ्यांना सांगत फिरले की पोरगं पळायचा कंटाळा करायचं. एकही राउंड चुकवला नव्हता मी.

पुढचा पाय पडतो तेव्हा वजनाच्या पाच-सहा पट जोर येतो आणि नेमकी त्याच वेळी कंबर वाकलेली, पिळलेली असते. या वयात मणका अजून पक्का झालेला नसतो. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर पॅट कमिन्सने २०११ मध्ये १८ व्या वर्षी पहिल्या टेस्टमध्ये सात विकेट काढल्या आणि दुसरी टेस्ट खेळला थेट २०१७ मध्ये, मधली बरीच वर्षं पाठीच्या दुखण्यात गेली. आणि त्याच्या मागे डॉक्टर-फिजिओची फौज होती. पूर्वीचे बॉलर टाकून टाकूनच तयार झाले असं कोणी ऐकवलं तर सांग, जे मोडले त्यांची नावं तुम्हाला माहीतच नाहीत.

हां, स्टॅमिना. सहा ओव्हरचा स्पेल म्हणजे ३६ वेळा २० मीटर जोरात पळणं आणि चालत परत येणं. मग प्रॅक्टिसही तशीच कर ना, रन-अपएवढं अंतर जोरात, चालत मागे, सहा झाले की ओव्हर संपली, तीन-चार मिनिटं थांब. तीन ओव्हरपासून सुरू कर, आठवड्यातून दोनदा, हळूहळू सहावर जा. बाकी स्क्वॉट, एका पायावरचे व्यायाम, साइड प्लँक, हे तुला माहीतच असेल. नेटमधले बॉल रोज वहीत लिही. सुट्टीनंतर एकदम दुप्पट टाकायला गेलास की मेलास.

लांब पळणं अगदीच वाया जातं असं नाही, भारतीय बोर्डानेही २०२१ मध्ये फास्ट बॉलरसाठी २ किलोमीटर ८ मिनिटं १५ सेकंदांत अशी टेस्ट ठेवली होती, तेव्हा आठवड्यातून एकदा पळ. आणि मी काही डॉक्टर नाही. पण तुझ्या कंबरेत एकाच बाजूला दुखतं का, ते आधी सांग. दुखत असेल तर वरचं सगळं सोड आणि बॉलिंग थांबवून दाखवून ये, सर काही का म्हणेनात.