पुराआधी गच्चीत काय लावून ठेवावं?

मे संपत आला की सांगलीत बोलणं हळूहळू पाण्याकडे वळतं. कोयना धरणात किती साठा, आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट, यंदा काय होईल. गेल्या काही दिवसांत माझ्याकडे आलेले प्रश्नही त्याच काळजीतून आलेत. दुकानं बंद पडली, रस्ता तुटला, तर घरच्या घरी पिकवलेलं किती कामाला येईल? त्यातले काही प्रश्न आज घेते.

प्रश्न : २०१९ ला आम्ही पाच दिवस वरच्या मजल्यावर अडकलो होतो. तांदूळ, डाळ होती. भाजी म्हणाल तर चार कांदे. आता ४०० चौरस फुटांची गच्ची बांधून झाली आहे. चौघांना पंधरा दिवस पुरेल एवढं अन्न तिथं पिकेल का? (सांगलीवाडी)

ताई, पोट भरेल एवढं पिकणार नाही. हे आधी सांगते, कारण गच्चीच्या भरवशावर धान्याचा डबा रिकामा ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. शंभर ग्रॅम पालकात जेमतेम २५ कॅलरी असतात, तेवढ्याच तांदळात साडेतीनशेच्या आसपास. मोठ्या माणसाला दिवसाला दोन हजार लागतात असं धरलं, तर नुसत्या पालकावर राहायला रोज आठ किलो पालक लागेल. म्हणून पोटाची सोय डब्यातच करायची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं दोन हजार कॅलरींचं जे ताट सांगितलं आहे, त्यात दिवसाला २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत. चौघांच्या पंधरा दिवसांना हे १५ किलो धान्य आणि ५ किलो कडधान्य होतं. पुरात दूध येत नाही, फळं येत नाहीत, म्हणून मी २० आणि ६ धरते. शिवाय तेल, मीठ, गूळ, शेंगदाणे, जमलं तर तासगावचे बेदाणे, आणि भरलेला जादा सिलिंडर.

मग गच्ची कशाला? पाच दिवस नुसता वरणभात खाऊन पाहिलाय तुम्ही, त्यामुळे वेगळं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी मुलं ताटावरून उठतात, म्हाताऱ्या माणसांचं पोट अडतं. हिरवं काहीतरी हवं असतं, आणि ते गच्ची नक्की देते.

आपल्याकडे पुराला साधारण तारीख असते. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा पाणी जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचा मध्य या काळात चढलं. तेव्हा पेरणीचा हिशेब २० जुलैपासून उलटा मांडा. भेंडी आणि गवार पहिल्या तोड्याला पन्नासेक दिवस घेतात, म्हणजे मेअखेर बी पडायला हवं. चवळीचंही तसंच, तिचा पालाही खाता येतो. तांबडा माठ आणि राजगिरा महिन्याभरात हाताशी येतो, तो जूनच्या मध्यात पेरा आणि पुढं दर दहा दिवसांनी एकेक वाफा. मेथीच्या नादी उघड्या गच्चीत लागू नका. आषाढातल्या पावसात ती आडवी होते आणि कुजते. त्या दिवसांत खरी साथ देतात मायाळू आणि अळू. मायाळूचा एक वेल कठड्यावर सोडला की पाऊस कितीही लागो, पानं खुडत राहायची. अळू मात्र चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवा, नाहीतर घशाला खाज सुटते.

लाल भोपळा मी साठवणीतच धरते. उन्हाळ्यात पिकलेला भोपळा देठ ठेवून काढला आणि कोरड्या जागी, फडक्याच्या चुंबळीवर, एकमेकांना न लागता ठेवला, तर दोन-तीन महिने आरामात टिकतो. मेमध्ये तीन भोपळे माळ्यावर गेले की पुरातली निम्मी काळजी मिटली.

आमचं घर गावभागात. २०१९ ला तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. मागच्या अंगणातला तोंडलीचा वेल तीन वर्षांत चढत चढत वरच्या गॅलरीच्या गजांना वेटोळे घालून बसला होता. खाली सगळं तपकिरी पाणी, त्यावर तरंगणारे डबे आणि चपला, आणि गजांतून हात बाहेर काढला की ओली, थंडगार तोंडली. रोज ओंजळभर मिळत होती. मीठ-तिखट घालून केलेल्या त्याच्या काचऱ्यांवर शेजारच्या दोन मुलांनी भात संपवला. तेव्हापासून एक तरी वेल खालून वरपर्यंत चढवून ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते. पाण्याच्या वर राहिलेली फळंच घ्यायची, एवढं मात्र पाळा.

आणि आयर्विन पुलाला धोका पातळी ४५ फूट आहे, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे विसरू नका. घर सोडा म्हणून सांगितलं की सोडायचं. गच्चीत भाजी आहे, डबे भरलेले आहेत, म्हणून मागं राहायचं नाही.

प्रश्न : आमचा फ्लॅट आहे. गॅलरी उत्तरेला, ऊन जेमतेम तीन तास. आमच्यासारख्यांनी काय करावं? (विश्रामबाग)

तीन तासांत फळभाजी होत नाही, तिचा नाद सोडा. पुदिना, पानओवा, अळू तेवढ्यात येतात. मेथी तुमच्यासाठी आहे, कारण गॅलरीत तिला पाऊस झोडपत नाही. पसरट डब्याला खाली भोकं पाडा, चार बोटं माती, त्यावर रात्रभर भिजवलेले मेथीचे दाणे दाट पसरा आणि वर मातीचा पातळ थर. दहा-बारा दिवसांत वीतभरही न वाढलेली कोवळी मेथी कात्रीनं कापता येते. दाणे स्वयंपाकघरातल्या डब्यातलेच घ्या. बियाण्याच्या दुकानातल्या रंगीत बियांना बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते पेरायला ठीक आहे, पण इतक्या कोवळेपणी खायला किंवा मोड आणायला कधीही वापरायचं नाही.

मोडांना तर ऊनही लागत नाही. मटकी, मूग, हुलगा घरात असतोच. पण पुराच्या दिवसांत मोड आणताना एक चूक हमखास होते. नळाला गढूळ पाणी येतं आणि आपण त्यातच मटकी भिजवतो. ज्या ऊबेत आणि ओलाव्यात मोड येतात, त्यातच पोट बिघडवणारे जंतूही वाढतात. तेव्हा गाळून उकळलेलं, गार झालेलं पाणी वापरा, फडकंही त्याच पाण्यात पिळा आणि मोड कच्चे न खाता चांगले वाफवा.

प्रश्न : ऑनलाइन मिळणारे 'आपत्कालीन बियाणं किट' घ्यावं का? (इस्लामपूर)

नको. त्यात केल ही परदेशी पालेभाजी, ब्रोकोली अशी आपल्या हवेत रुसून बसणारी बरीच बियाणं असतात. त्याच पैशात माठ, चवळी, गवार, भेंडी, दोडका यांच्या पुड्या येतील. मार्च २०२० मध्ये कोरोनाचे रुग्ण सापडल्यावर तुमचं इस्लामपूर कडकडीत बंद झालं होतं. तेव्हा ज्यांच्या परसात शेवगा आणि कढीपत्ता होता, त्यांचं बरं चाललं होतं, हे तुम्ही माझ्याहून जवळून पाहिलं असेल.

प्रश्न : घर जुनं आहे, स्लॅब तीस वर्षांपूर्वीचा. गच्चीवर विटांचे वाफे करून त्यात फूटभर माती भरायची आहे. चालेल ना? (मिरज)

थांबा. आधी वजन काढू. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते. म्हणजे फूटभर जाडीचा ओला वाफा दर चौरस मीटरला ५०० किलोंच्या आसपास जातो. ज्या गच्चीवर माणसांनी जायचं असतं, ती साधारण दीडशे किलो प्रति चौरस मीटर भार धरून बांधतात. तुमचा वाफा त्याच्या तिप्पट, तोही कायमचा, वर पावसाळ्यात साचलेलं पाणी वेगळं. स्लॅबला कुठं सळई दिसत असेल, ओल उतरत असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक पाटीही वर नेऊ नका.

माती कमी करा, हा खरा उपाय. आपल्याकडे उसाच्या पाचटाला तोटा नाही. पाचट आणि पालापाचोळा कुजवून तीन भाग, कंपोस्ट किंवा गांडूळखत दोन भाग आणि माती एकच भाग, असं मिश्रण भरा. हाताला हलकं लागतं, पाणी धरतं आणि निचराही होतो. वर्षभरात ते खाली बसतं, तेव्हा वरून पुन्हा भर द्यायची. मोठ्या कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता कठड्याच्या कडेनं, खाली तुळई किंवा भिंत असेल तिथं मांडा. आणि कड्या असलेली टबं किंवा बादल्या घ्या. पाणी चढायला लागल्यावर अंगणातली टबं जिन्यावरून वर न्यायची वेळ येते, तेव्हा कड्यांची किंमत कळते.

प्रश्न : पूर ओसरल्यावर परसबागेतली वांगी, दोडके, पालक वरून चांगले दिसतात. धुऊन खाल्ले तर चालतील का? (हरिपूर)

नाही. पुराचं पाणी म्हणजे नदीचं पाणी एवढंच नसतं. त्यात गटारं, संडासाच्या टाक्या, पंपांचं डिझेल, शेतातली औषधं, मेलेली जनावरं, सगळं मिसळलेलं असतं. पालेभाजी, कोथिंबीर, मुळा, रताळं, जे जे पाण्याखाली गेलं ते टाकून द्या. जाड सालीच्या भोपळ्याबद्दल कुणी धुऊन, साल काढून, शिजवून खा म्हणतं. मी घरात लहान मूल असताना तो धोका घेणार नाही. हरिपूरला हे टाकणं नवं नाही. २००५ च्या पुरात पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत, पाणी शिरून वर्षभर जपलेली हळद गेली, तेव्हा ती दुःखं गावानं पाहिली आहेत. भरलेली बाग उपटताना जीव तुटतो. तरी उपटा.

मातीवर गाळाचा जो गुळगुळीत थर बसतो, तो वाळला की पापुद्र्यासारखा तडकतो. तेव्हा तो कुदळीनं फोडून माती उलटीपालटी करा आणि ऊन खाऊ द्या. तोवर त्यात झेंडू लावा, ताग पेरून गाडा. जमिनीला चिकटून वाढणारी पालेभाजी आणि कंद यांच्यासाठी चार महिने थांबा, उंच वाढणारी फळभाजी तीन महिन्यांनी चालेल. अळू आणि केळ बहुतेक वेळा वाचतात, पपई आणि शेवग्याची मुळं कुजतात.

गाळात उघड्या पायांनी उतरायचं नाही. गमबूट, हातमोजे नसतील तर काम लांबवा, पायाला जखम असेल तर उतरूच नका. लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा गंभीर आजार याच चिखलातून होतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि पुराच्या चिखलात काम केलं होतं हे आपणहून सांगा.

प्रश्न : तुम्ही सगळे पुराचं बोलता. आमच्याकडे टँकर येतो तेव्हा प्यायला पाणी. आम्ही काय पिकवायचं? (आटपाडी)

तुमची तक्रार खरी आहे. एकाच जिल्ह्यात एकीकडे घरात पाणी आणि दुसरीकडे घागरीची रांग, हे आपण वर्षानुवर्षं बघतोय.

दुष्काळात निदान तयारीला वेळ मिळतो. थंडीत भाजी स्वस्त आणि पाणी असतं, तेव्हाच वाळवण करायचं. गवारीच्या शेंगा, वांग्याच्या फोडी, मेथी, टोमॅटोच्या चकत्या. कडकडीत वाळवून बरणीत भरलं की उन्हाळा निघतो. बाजरी, हुलगा, मटकी तुमच्याकडचीच आहेत. हुलग्याचं माडगं आणि भाकरी यांवर तुमच्या आधीच्या पिढ्यांनी १९७२ काढलं.

हिरव्यासाठी एकच झाड लावायचं तर शेवगा लावा. पीकेएम-१ हा वाण बियांपासून येतो आणि सहा-आठ महिन्यांत शेंगा धरतो. मला त्याच्या पाल्याचं जास्त मोल वाटतं. पाला सावलीत वाळवून पूड केली आणि भाकरीच्या पिठात चमचाभर घातली, तर घरात कुणाला कळतही नाही. भाजीसाठी मडकं पुरा. दहा लिटरचं, न रंगवलेलं, साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत गाडायचं, तोंडावर परळ ठेवायचं आणि भोवती वीतभर अंतरावर मिरची, वांगी, दोडका लावायचा. मातीला हवं तेवढंच पाणी झिरपतं. तीन-चार दिवसांनी भरलं तरी चालतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी त्यासाठीच ठेवा. मात्र ते गाळून घाला, नाहीतर मडक्याची छिद्रं बुजतात. आंघोळीचं साबणाचं पाणी केळीला किंवा शेवग्याच्या आळ्यात सोडा, पालेभाजीवर टाकू नका.

प्रश्न : पावसाळ्यात दरड पडली की आमचा रस्ता दोन-दोन दिवस बंद असतो. दरवर्षी बियाणं विकत आणण्यापेक्षा घरचं धरायचं आहे. मागच्या वर्षी धरलेल्या बियांचा दुधी कडू निघाला. काय चुकलं? (पाटण)

तो दुधी खाल्ला नसेल अशी आशा करते. कडू दुधी, कडू काकडी, कडू दोडका यांतली कडवट द्रव्यं विषारी असतात. घोटभर रसानंही उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात जातो. कापल्यावर एक कण जिभेवर ठेवा, कडू लागला की थुंका आणि अख्खं फळ फेका. शिजवून विष जात नाही. आणि त्या वेलाचं बी पुन्हा धरू नका.

वेलभाज्यांत मधमाशी आजूबाजूच्या फुलांचा पराग आणते, कधी रानातल्या कडू वेलाचाही. शिवाय पुडीवर संकरित लिहिलेलं असेल तर पुढच्या पिढीत काय निघेल याचा नेम नाही. म्हणून सुरुवात वाल, घेवडा, चवळी, मेथी, टोमॅटो यांपासून करा. यांची फुलं बहुतेक आपल्यातच फळतात, बी जसंच्या तसं येतं. गावठी बी शेजारीपाजारी मागा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घरोघरचं बी जपत बँक उभी केली, त्यांना पद्मश्री मिळाली.

शेंग वेलावरच वाळू द्या. बी दाताखाली कटकन तुटलं की वाळलं. मग गाळलेल्या राखेत घोळवून काचेच्या बरणीत, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर महिना. आणि बरणी उंचावर. २०१९ ला माझं नऊ वर्षांचं बियाणं तळमजल्यावरच्या कपाटात होतं. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर बरण्यांत गाळ, आणि त्या गाळात फुगून मोड येऊन कुजलेला पावटा. तो वास अजून जात नाही. आता अर्धं बी माळ्यावर असतं आणि अर्धं विट्याला बहिणीकडे.

आज रात्रीच मागच्या वर्षीच्या बरणीतले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पाच-सहा दिवसांत सात-आठ उगवले तर बी चांगलं आहे. चारच उगवले तर दुप्पट पेरा. त्याहून कमी असतील तर मृगाआधी शेजारून नवं मागून आणा.