लिफ्टचं दार वाजलं की

पत्र : मी 49 वर्षांची. लालबागच्या चाळीत वाढले. 1982 च्या संपात बाबांची गिरणी सुटली, मग दारू आणि मारहाण. जिन्याच्या फळ्या कशा वाजतात त्यावरून कळायचं, आज पिऊन आलेत की नाही. गेल्या वर्षी ते वारले. आई म्हणते, संपाने माणूस बिघडला, आता माफ कर, वर्षश्राद्धाला ये. मला जमत नाही. अजून झोपेत दचकते, छाती धडधडते, कधी घरात भडका उडतो. बाकी संसार छान. मुलगा दहावीला आहे, गुणी आहे. लिफ्टचं दार वाजलं की स्वतःहून टीव्ही बंद करतो. मी श्राद्धाला जाऊ का? – एक वाचक, कांदिवली

ताई, श्राद्धाला जावंसं वाटत नसेल तर जाऊ नका, एवढंच. माझा जीव अडकलाय तो त्या लिफ्टच्या दारात.

चाळीतल्या बायका तुम्हालाही गुणीच म्हणत असतील. आवाज न करणारी, बापाचे डोळे बघून ताट वाढणारी पोर. तुम्ही जिना ऐकायचात, हा लिफ्ट ऐकतो. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आई आली म्हणून टीव्ही बंद करतो, ताई, आणि तुम्ही ते कौतुकाने लिहिलंत!

तुमची धडधड खरी आहे. वर्षानुवर्षं चाहूल घेत वाढलेलं शरीर मोठेपणीही पहारा सोडत नाही. हातातून भांडं पडलं तरी मेंदूला बाबांचं पाऊल वाटतं, आणि विचार करायच्या आत तोंडातून शब्द गेलेले असतात. अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी साडेनऊ हजार प्रौढांची माहिती तपासून 1998 साली मांडलं, की बालपणीचे असे घाव जितके जास्त, तितका पुढे नैराश्याचा, व्यसनाचा, अगदी हृदयविकाराचाही धोका वाढतो. यावर उपचार असतात.

पण आईने संपाच्या नावावर बाबांना सूट दिली, तशी बाबांच्या नावावर तुम्ही घेऊ नका. संपात अडीच लाख कामगार होरपळले. सगळ्यांनी पोरांवर हात उगारला नाही.

राग आला असेल माझा. येऊ दे. आज संध्याकाळी 14416 ला फोन लावा. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. सुरुवात बाबांपासून करू नका. 'माझा मुलगा माझी चाहूल घेतो,' इथून करा. लोकलच्या गर्दीत बोलणं व्हायचं नाही, आणि घरी गेल्यावर राहून जाईल. सोसायटीच्या गेटाशी थांबा, तिथूनच लावा. लिफ्टचं बटण दाबायच्या आधी.